पाय कोण धुतं आणि पाणी कोण भरतं

ठाणे, कल्याण, डोंबिवली, यांपैकी कुठल्याही स्टेशनाबाहेर पडलं की एक शब्द हमखास भेटतो : सेवक. जनसेवक, लोकसेवक, आपला हक्काचा सेवक. फ्लेक्सवर सेवकाचा चेहरा माणसाच्या उंचीएवढा असतो, त्याच्या खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग असते. ज्यांची सेवा झाली ते मात्र त्या चित्रात नसतात. ते फ्लेक्सखालून चालत असतात, रिक्षाच्या रांगेकडे.

लोकल पकडून ऑफिसात पोचावं, तर तिथल्या ट्रेनिंगमध्ये हाच शब्द इंग्रजीतून येतो : सर्व्हंट लीडरशिप. चांगला मॅनेजर म्हणजे टीमचा सेवक, असं सांगणारी स्लाइड असते. आणि जे रविवारी चर्चला जातात, त्यांना तो आठवड्यात तिसऱ्यांदा भेटतो, या वेळी त्याच्या मूळ घरी. कारण ही कल्पना ख्रिस्ती आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू उठतो, कमरेला टॉवेल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो, ही योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातली गोष्ट या सगळ्या स्लाइडच्या आणि प्रवचनांच्या मुळाशी आहे.

एकच शब्द तीन ठिकाणी इतका गुळगुळीत झाला असेल, तर तो खरा कधी आणि खोटा कधी हे ओळखायचं कसं? मॅनेजमेंटच्या पुस्तकांकडे याचं उत्तर नाही, असं माझं म्हणणं आहे. प्रवचनांकडे अर्धंच आहे. पूर्ण उत्तर एका मराठी पुस्तकात आहे. ते आपण शाळेत उताऱ्यापुरतं वाचतो, हसतो आणि मिटून ठेवतो. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

नोकर की छुपा मालक?

आधी त्या स्लाइडचा उगम पाहू. रॉबर्ट ग्रीनलीफ हा अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत वर्षानुवर्षं काम केलेला माणूस. १९७० साली त्यानं 'द सर्व्हंट ॲज लीडर' हा निबंध लिहिला आणि हा शब्दप्रयोग रूढ झाला. कल्पना सुचली हेर्मान हेसेच्या 'जर्नी टू द ईस्ट' या कथेवरून. त्यात प्रवाशांच्या एका जथ्याबरोबर लिओ नावाचा नोकर असतो. तो सामान वाहतो, कामं करतो, गाणी म्हणून सगळ्यांना ताजं ठेवतो. एक दिवस तो नाहीसा होतो आणि जथा विस्कटतो. पुढे कळतं की हा नोकरच त्या सगळ्या पंथाचा प्रमुख होता.

गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यात एक सोय दडलेली आहे. लिओ वेशांतर केलेला मालक आहे. त्यामुळे ही गोष्ट मोठ्या खुर्चीतल्या माणसाला फार आवडते. सेवा कर, तुझी खुर्ची कुठे जात नाही, असं ती त्याच्या कानात सांगते. जो नोकर खरोखरच नोकर आहे, शेवटच्या पानावरही ज्याचा राजा होणार नाही, त्याचं काय? त्याच्या बाजूनं ही गोष्ट कशी दिसते, हे ग्रीनलीफच्या वाचकाला विचारावंसं वाटत नाही.

शुभवर्तमानातली गोष्ट इतकी सोयीची नाही. मराठी वाचकाला तर ती जास्तच टोचायला हवी. आपल्याकडे पाय धुण्याची दिशा ठरलेली आहे. शिष्य गुरूची पाद्यपूजा करतो. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. पाहुण्याच्या पायावर पाणी घरातली सून घालते. पाणी नेहमी खालच्यानं वरच्याच्या पायावर घालायचं. येशू ही दिशा उलटी करतो, म्हणून पेत्राला ते सहन होत नाही. तू माझे पाय धुवायचे नाहीस, असं तो तोंडावर सांगतो. मग दोघांत बोलणं होतं, आणि पेत्र आपणहून तयार झाल्यावरच पुढचं घडतं. ज्याची सेवा व्हायची आहे त्याला इथे नाही म्हणता येतं, आणि त्याचं नाही ऐकून घेतलं जातं.

आणखी एक बारकावा मार्क आणि लूक या दोघांनी नोंदवला आहे. त्या भोजनाची खोली शोधायला दोन शिष्य शहरात जातात. येशू त्यांना खूण सांगतो : पाण्याचा घडा घेऊन जाणारा एक माणूस भेटेल, त्याच्या मागोमाग जा. शिष्य एका पाणक्याच्या मागे चालत त्या घरी पोचतात. या पाणक्याला नाव नाही. घडा उतरवल्यावर त्याचं काय झालं, हे कुणी लिहिलेलं नाही. जगभर चित्रकारांनी पाय धुणारा येशू रंगवला. पाणक्या मात्र गोष्टीतून निघून गेला.

'स्मृतिचित्रे' हे मला त्या पाणक्याचं पुस्तक वाटतं.

कल्याणची दोन मुलं

या सगळ्याचा आपल्या भागाशी संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. नारायण वामन टिळक जन्मले कोकणात, १८६१ साली. पण त्यांचं प्राथमिक शिक्षण झालं कल्याणात, साधारण १८६९ ते १८७३ या काळात. त्याच वर्षांत त्याच गावात जोश्यांच्या घरी यमुना नावाची एक मुलगी वाढत होती. १८६५ साली जन्मलेली ही मुलगी लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली. एक पुढे मराठी ख्रिस्ती समाजाचा सर्वांत मोठा कवी झाला, दुसरी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली. ख्रिस्ती सेवेशी दोघांचीही गाठ पडली, पण वेगवेगळ्या टोकांनी.

आनंदीबाईंच्या बाबतीत ती अशी पडली. गोपाळराव जोश्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलं. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यानं आपल्या मासिकात तो पत्रव्यवहार छापला. त्याच्या उत्तराचा सूर स्पष्ट होता : मदत होईल, पण आधी ख्रिस्ती व्हा. हे मासिक न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाईच्या हाती दातांच्या डॉक्टरकडे थांबलेली असताना पडलं. तिनं आनंदीबाईंना पत्र लिहिलं आणि पुढे स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. वाइल्डर आणि कार्पेंटरबाई, दोघंही ख्रिस्तीच. पण एकाची सेवा अटीवर होती आणि दुसरीची बिनशर्त. आनंदीबाई शेवटपर्यंत हिंदू राहिल्या. कार्पेंटरबाईंची माया त्यामुळे आटली नाही. १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत विसावल्या.

सेवा खरी की खोटी याची पहिली कसोटी इथे सापडते. समोरच्यानं नाही म्हटलं तर तुमच्या सेवेचं काय होतं?

ज्यांच्या घरी सेवक राहतो

दुसरी कसोटी टिळकांच्या घरात सापडते, आणि ती जास्त अवघड आहे.

टिळक हे सेवक-नेत्याचं अस्सल उदाहरण आहेत, यात शंका नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची चोवीस वर्षं ते अमेरिकन मराठी मिशनशी जोडलेले होते, पण मिशनचे हुजरे कधीच नव्हते. ख्रिस्ती उपासना परक्या सुरावटीतून बाहेर काढून त्यांनी भजन-कीर्तनात आणली. त्यांची पदं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन त्यांनी १९१२ पासून मरेपर्यंत केलं. १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी त्यांची इच्छा होती. मंडळीची भिंत खाली आणणारी ही कल्पना त्या काळात मिशनऱ्यांनाही जड गेली असणार. भुकेलेला, अनाथ, भटका, कुणीही भेटला की ते त्याला घरी आणत. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, त्यांच्या नगरच्या घरी घरच्या मुलासारखे राहिले.

वाचताना मन भरून येतं. पण हेच सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचा. कॅमेरा दिवाणखान्यातून उचलून कुणीतरी स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्यासारखं होतं.

टिळकांनी कुणाला तरी घरी आणलं, हे वाक्य चरित्रात संपतं तिथे लक्ष्मीबाईंचं सुरू होतं. आणलं खरं, पण आता पीठ किती आहे? टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. घरखर्चासाठी निघालेले पैसे वाटेतच कुणाच्या तरी गरजेला जात, नाहीतर त्यांतून भलतीच वस्तू घरी येई. टिळक रागावून निघून जात, मग परत येत, मग नव्या गावाला बिऱ्हाड हलत असे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे धर्मांतर. तो टिळकांचा आध्यात्मिक नवजन्म होता. लक्ष्मीबाईंसाठी तीच घटना म्हणजे नवरा हयात असताना नातेवाइकांच्या दारी काढलेली चार-पाच वर्षं होती, लहानग्या दत्तूला घेऊन. टिळकांनी सत्यासाठी घर सोडलं, असं चरित्रकार लिहील. सोडलेल्या घरात कोण होतं, हे लक्ष्मीबाई लिहितात.

दुसरी कसोटी हीच. एखादा नेता सेवा करतो तेव्हा पाणी कोण भरतं?

म्हणून 'स्मृतिचित्रे' ही टिळकांविरुद्धची तक्रार आहे का? अजिबात नाही, आणि इथेच हे पुस्तक मोठं होतं. लक्ष्मीबाई नवऱ्यावर रागावतात, त्याला हसतात, त्याच्यावर जीव टाकतात, आणि यातली एकही गोष्ट दुसरीसाठी लपवत नाहीत. पतिव्रतेची आरती किंवा पीडितेची फिर्याद, असे दोन तयार साचे त्यांच्या काळातही होते आणि आपल्याही काळात आहेत. बाईंनी दोन्ही नाकारले. त्यांचं हत्यार विनोद आहे. देवमाणसाला हसता येणं म्हणजे त्याला पुन्हा माणसात आणणं. ज्या नेत्याला त्याच्या घरात हसता येत नाही, त्याच्या सेवेपासून सांभाळून राहावं, एवढं तरी हे पुस्तक वाचून कळतं.

या पुस्तकाची जन्मकथाही बोलकी आहे. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायच्या तयारीत होता आणि त्यासाठी त्यानं आईला आठवणी लिहून काढायला सांगितलं. म्हणजे बाईंनी फक्त कच्चा माल पुरवायचा होता, पाणी भरून ठेवायचं होतं. १९३४ पासून त्या आठवणी भागाभागांनी पुस्तकरूपात आल्या. आज टिळकांचं चरित्र म्हणून मराठी माणूस जे वाचतो ते हेच. खोलीची वाट इथेही पाणक्यानंच दाखवली.

मीठ धुणारं पाणी

सेवेबरोबर नेहमी येणारा दुसरा शब्द म्हणजे नवजीवन, आध्यात्मिक संजीवन. आपल्या शहरांत त्याच्या सभा भरतात, हॉल घेतले जातात, युट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं. लोक रडतात, हात उंचावतात. त्या अश्रूंना खोटं म्हणायचा अधिकार मला नाही. पण नवजीवन म्हणजे नेमकं काय बदलतं, याचं इतकं स्वच्छ चित्र मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल जितकं लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात सापडतं.

पुस्तकाची सुरुवात त्यांच्या वडिलांच्या सोवळ्यापासून होते. नाना गोखल्यांना सोवळ्यानं असं पछाडलं होतं की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. मीठसुद्धा. मीठ धुतलं की विरघळून जातं, हे सांगण्याची घरात कुणाची छाती नव्हती. प्रसंग विनोदी आहे आणि आपण सगळे तिथे हसतो. पण त्या घरातल्या मुलीच्या मनावर काय कोरलं गेलं असेल? जग अस्वच्छ आहे, माणसं बाटवणारी आहेत, आणि पाण्याचं काम म्हणजे त्यांना लांब ठेवणं.

तीच मुलगी पुढे नगरला ख्रिस्ती नवऱ्याकडे परत येते ती आपलं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. तिला कुणी व्यासपीठावर बोलावत नाही, कुणी सक्ती करत नाही. ती विचार करते. जाती देवानं केल्या की माणसांनी, या प्रश्नाला ती स्वतःशी भिडते, आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागते. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडतं. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. पुढे नगरला प्लेग आला, तेव्हा आजारी मुलींच्या शुश्रूषेला जे राहिले त्यांत लक्ष्मीबाई होत्या.

या दोन टोकांना जोडून वाचलं की 'स्मृतिचित्रे'ची खरी रेषा दिसते. बापाच्या हातातलं पाणी माणसं लांब ठेवण्यासाठी होतं, मुलीच्या हातातलं आजारी माणसाच्या उशाशी आहे. पाणी तेच, दिशा उलटी. योहानाच्या तेराव्या अध्यायावर मराठीत लिहिलेलं यापेक्षा नेमकं भाष्य मला माहीत नाही, आणि बाईंनी ते भाष्य म्हणून लिहिलेलंही नाही.

तरी आपण हे पुस्तक कसं वाचत आलो? भोळ्याभाबड्या बाईचं गोड आत्मकथन म्हणून. पाठ्यपुस्तकांनी गमतीचे प्रसंग उचलले. ई. जोसेफीन इंकस्टरबाईंनी केलेला इंग्रजी अनुवाद १९५० साली आला, त्याचं नाव होतं 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागोमाग येते. नाव भक्तीच्या अंगानं दिलं असेल, पण त्यानं पुस्तकाचा मणकाच वाकवला. लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या नाहीत. त्यांनी पाच वर्षं घेतली, स्वतःची कारणं शोधली, आणि स्वतःच्या पायांनी आल्या. २०१७ मध्ये शांता गोखले यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादात मूळ नाव परत आलं, ही साधी दुरुस्ती नव्हे.

भोळेपणाचं हे लेबल आपल्या सोयीचं आहे. आजी गंमत सांगतेय असं म्हटलं, की ती हिशेब मांडतेय हे ऐकावं लागत नाही.

खिळे जुळवणाऱ्या बायका

इथे कुणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक सेवक-नेत्यामागे राबणारी बाई असणारच का? पाणी भरणाऱ्याचा प्रश्न सोडवलेला कुणी नेता नाही का?

पंडिता रमाबाईंनी तो बऱ्याच अंशी सोडवला. त्या आनंदीबाईंच्या नात्यातल्या, आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली त्या समारंभाला हजर होत्या. रमाबाईंचा ख्रिस्ती धर्म हा नाही म्हणू शकणाऱ्या बाईचा धर्म आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपल्या वडीलधाऱ्या जोगिणींशी पत्रांतून जो वाद घातला तो वाचण्यासारखा आहे. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाकडे गहाण टाकलेली नाही, हा त्याचा सारांश.

नाही म्हणता येणं हे एक, दुसऱ्याचं नाही ऐकता येणं हे दुसरं. मुंबईत १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढलं ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या वचनावर. १८९३ मध्ये, तोवर पुण्यात आलेल्या सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात आहेत, यावरून रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं. रमाबाईंनी सक्ती केली नाही असं म्हटलं, तरी ज्या बाईनं तुम्हाला उपाशी मरण्यापासून वाचवलं, तिची प्रार्थना चालू असताना दाराबाहेर उभं राहणं किती मुलींना जमलं असतं? हा प्रश्न रमाबाईंवर प्रेम असूनही विचारावा लागतो.

पण केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी केलेली एक गोष्ट त्यांच्या बाजूनं फार वजन टाकते. दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, शिक्षण नसलेल्या बायकांना त्यांनी काम शिकवलं. शेती, विणकाम, आणि छापखाना. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला आणि तो छापला मुक्तीतल्या बायकांनी. विद्वानांना हा अनुवाद रुचला नाही, तर नवल नाही. तो त्यांच्यासाठी नव्हताच. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये पूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. १९०५ साली मुक्तीत झालेलं आध्यात्मिक संजीवन जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात नोंदलं गेलं. मला मात्र त्या छापखान्यातलं दृश्य जास्त संजीवक वाटतं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्या बोटांत शिशाचे खिळे आहेत आणि त्या देवाचं वचन उलट्या अक्षरांत जुळवत आहेत. ज्यांची सेवा झाली, त्या आता स्वतः काहीतरी करणाऱ्या झाल्या.

वसईची पाणीकथा

पाणी हा शब्द आतापर्यंत रूपक म्हणून आला. आमच्या भागात तो रूपक राहत नाही.

वसई १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती, मग पालघरमध्ये गेली. तिथल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं, आणि 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पण आमच्या आधीच्या पिढीला ते आठवतात हरित वसईच्या लढ्यामुळे. विहिरी आणि बावखलांच्या जिवावर उभ्या असलेल्या बागायती पट्ट्यातून टँकरनं पाणी उपसलं जात होतं, जमिनींवर बिल्डरांचे डोळे होते. तेव्हा एक धर्मगुरू वेदीवरून उतरून रस्त्यावर आला. त्याच्याबरोबर सर्व धर्मांची माणसं आली, कारण विहिरीतलं पाणी ओसरताना धर्म बघत नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, धमक्या आल्या. ते गेले आणि बोलले. जुलै २०२४ मध्ये ते वारले.

आपल्या दोन कसोट्या फादरांना लावल्या तर ते पहिलीत सहज उतरतात. पाण्याच्या लढ्यात यायला बाप्तिस्म्याची अट नव्हती. दुसऱ्या कसोटीसाठी मात्र वेगळं पुस्तक लागेल. फादरांनी स्वतःबद्दल लिहिलं, इतरांनी फादरांबद्दल लिहिलं. मला वाचायचं आहे ते मोर्च्याच्या आधी पहाटे बागेला पाणी देऊन, डबे करून निघालेल्या बाईचं पुस्तक. नेता तुरुंगात किंवा व्यासपीठावर असताना घरची विहीर कुणी राखली, याची 'स्मृतिचित्रे'. टिळकांना ज्या भाग्यानं लक्ष्मीबाई मिळाल्या, ते भाग्य प्रत्येक चळवळीला मिळत नाही. पण त्याशिवाय चळवळीचा इतिहास म्हणजे फ्लेक्सची सुधारलेली आवृत्ती होते : चेहरा एक, बाकी शुभेच्छुक.

आजचे पाणके

डोंबिवलीच्या पलीकडे, महापालिकेत आलेल्या २७ गावांत आजही टँकर हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. टँकरवर कुणाचं ना कुणाचं नाव असतं, सौजन्य असतं. हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईचं नाव कशावरच नसतं. चर्चच्या युवक मंडळात, गणेशोत्सव मंडळात, एनजीओत, आपल्या स्टार्टअपच्या टीममध्येही थोड्याफार फरकानं हेच चित्र आहे. कुणीतरी पाय धुतो, त्याचा फोटो निघतो. घमेलं आणि टॉवेल कुणी आणले, नंतर लादी कुणी पुसली, हे फोटोच्या चौकटीबाहेर राहतं.

यावर उपाय म्हणून सेवेची टिंगल करू नये. शब्द खोटा वापरला गेला म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. कार्पेंटरबाई खऱ्या होत्या, छापखाना खरा होता, आणि टिळकांनी दारात आणलेल्या पोराची भूकही खरी होती. लक्ष्मीबाईंनी त्या पोराला परत पाठवलं नाही. त्यांनी पीठ मळलं, आणि पुढे कधीतरी ते पीठ कुठून आलं होतं तेही लिहिलं. ही दोन्ही कामं सेवेचीच आहेत, आणि दुसरं काम करायला पहिल्याइतकंच धैर्य लागतं. टिळकांनी सुरू करून अर्धवट ठेवलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य नंतर पुढे नेलं तेही याच बाईनं. त्यातले बहुतेक अध्याय तिचे आहेत. मुखपृष्ठावर आधी कुणाचं नाव येतं, ते वेगळं सांगायला नको.

तुमच्या फोनमध्ये 'स्मृतिचित्रे' असेल तर उताऱ्यांपलीकडे जाऊन सलग वाचा. कल्याण ते सीएसएमटी हा स्लो लोकलचा प्रवास साधारण दीड तासाचा आहे. मीठ धुण्यापासून प्लेगपर्यंत जायला असे काही फेरे पुरतील. आणि पुढच्या वेळी कुणी तुम्हाला आपण सेवक असल्याचं सांगितलं, तर त्याच्या घरी, ऑफिसात किंवा मंडळात पाणी कोण भरतं ते शोधा, आणि त्या माणसाला विचारा की तो सेवक कसा आहे. तो माणूस मोकळेपणानं हसला, तर बरीच आशा आहे.